अनुपस्थित खेळाडूचे स्थान

बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर टाकून एक खेळाडू उठून गेला, तर डाव थांबतो. मोहरी जागच्या जागी राहतात आणि त्याची वाट पाहणारा माणूस एकच असतो. संगणकांच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे हजारो माणसे एकाच वेळी एकाच कल्पित जगात वावरत असतात. प्रत्येकाने एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारलेली असते. कोणी योद्धा असतो, कोणी रोगनिवारण करणारा, कोणी लोहार. त्यांपैकी एक जण निघून गेला म्हणून ते जग थांबत नाही. परंतु तो गेला तरी त्याच्या नावावर काही गोष्टी तेथे राहून जातात: एखादे घर, संघातील एखादे पद, सामायिक तिजोरीची किल्ली, निदान एक नाव. या गोष्टी संख्येने मर्यादित असतात आणि जे रोज खेळायला येतात त्यांना त्या हव्या असतात.

दीर्घकाळ न येणाऱ्या अशा खेळाडूला ‘निष्क्रिय खेळाडू’ असे म्हणतात. त्याच्याविषयी कोणते नियम असावेत, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मात्र त्यात मालकी, जबाबदारी आणि परत येण्याचा हक्क हे तिन्ही जुने प्रश्न गुंतलेले आहेत. नियम फार सैल ठेवला तर जग ओसाड घरांनी आणि रिकाम्या पदांनी भरून जाते. फार कडक ठेवला तर आजारातून उठून किंवा परीक्षा संपवून परतलेल्या माणसाला आपले वर्षांचे श्रम नाहीसे झालेले दिसतात. गेल्या चार दशकांहून अधिक काळात या खेळांनी या दोन टोकांमधली वाट कशी शोधली, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

सराईतले भाडे

या प्रकारच्या खेळांचा आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. तेथील विद्यार्थी रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये ‘मड’ नावाचा खेळ लिहावयास घेतला आणि १९८० मध्ये त्याचे काम रिचर्ड बार्टल याच्याकडे आले. या खेळात चित्रे नव्हती. जागेचे वर्णन पडद्यावर अक्षरांत उमटे आणि खेळाडू आपली कृती शब्दांत टंकलिखित करून कळवीत असे. पुढे याच धर्तीवर अनेक खेळ निघाले व त्या सर्वांनाच ‘मड’ हे नाव पडले.

डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी १९९०-९१ च्या सुमारास ‘डिकूमड’ हा खेळ तयार केला. अनुपस्थितीचा नियम येथे एका व्यवहारी रूपात दिसतो. खेळ सोडून जाताना खेळाडूने सराईत मुक्काम करावा, आपली शस्त्रे व चिलखते तेथे ठेवावीत आणि त्याबद्दल दर दिवसाचे भाडे भरावे, अशी योजना होती. सामान जितके मौल्यवान, तितके भाडे अधिक. खेळाडू परत येण्यापूर्वी त्याच्याजवळचे सोने संपले, तर सामान जप्त होई.

या नियमामुळे साठेबाजीला आळा बसे, हे उघड आहे. उत्तमोत्तम शस्त्रे न येणाऱ्यांच्या नावावर पडून राहत नसत. परंतु त्याचे वैगुण्यही तितकेच उघड होते. भाड्याचा हिशेब दिवस मोजी; गैरहजेरीचे कारण विचारीत नसे. ज्याच्या गाठीला सोने थोडे, तो चार दिवस अंथरुणाला खिळला तरी नागवला जाई. ज्याच्याजवळ भरपूर सोने असे, तो स्वेच्छेने दीर्घकाळ बाहेर राहूनही निर्धास्त असे. गैरहजेरीची शिक्षा सर्वांत अधिक नवख्यांना होई. या घराण्यातील अनेक खेळांनी पुढे भाड्याची ही पद्धत सोडून दिली, यात नवल नाही.

घर आणि भूखंड

इंटरनेटचा प्रसार झाल्यावर चित्रमय खेळ आले आणि त्यांच्यासोबत जमिनीचा प्रश्न आला. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाला. त्यात खेळाडूंना मोकळ्या जागी घर बांधता येई. जागा मर्यादित आणि इच्छुक पुष्कळ, त्यामुळे बांधण्याजोगी जमीन लवकरच दुर्मिळ झाली. यावर निर्मात्यांनी झिजेचा नियम केला. घरमालकाने ठरावीक काळात घराला भेट दिली नाही तर घर झिजू लागे, आणि त्याची स्थिती दारावरील पाटीवर कोणालाही वाचता येई. प्रथम ते ‘नव्यासारखे’ असे. त्यानंतर ते क्रमाने किंचित, काहीसे, बरेच आणि अतिशय झिजलेले असल्याचे पाटी सांगे, आणि शेवटी ‘कोसळण्याच्या बेतात’ असल्याचे. घर कोसळले की आतील चीजवस्तू जमिनीवर विखुरत आणि जागा मोकळी होई.

या नियमाचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. घर एकाएकी जात नसे. त्याची अवस्था जाहीर होई आणि मालकाच्या मित्रालाही त्याला कळविण्याची संधी मिळे. पण नियमाचा एक अनपेक्षित परिणामही झाला. कोसळण्याच्या बेतात असलेली घरे हुडकीत फिरणे आणि ऐन घटकेला तेथे गर्दी करून विखुरलेला माल उचलणे, हा काही खेळाडूंचा धंदाच होऊन बसला. भूखंड समाजाला परत मिळाला, पण मालकाची चीजवस्तू मात्र समाजाला न मिळता जो आधी पोहोचला त्याच्या हाती पडली.

२००३ ते २०११ या काळात चाललेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या खेळात ही अडचण दुसऱ्या दिशेने आली. तेथे खेळाडू स्वतःची नगरे वसवीत, नगराध्यक्ष निवडीत, आणि नगराचा दर्जा नागरिकांच्या संख्येवर ठरे. घराच्या देखभालीचा खर्च घरमालकाने आगाऊ भरून ठेवलेल्या रकमेतून कापला जाई. ज्याने मोठी रक्कम भरून ठेवली, त्याचे घर तो खेळ सोडून गेल्यावरही दीर्घकाळ उभे राही. परिणामी घरे आहेत पण माणसे नाहीत, अशी गावे दिसू लागली. खेळाच्या उत्तरार्धात चालकांनी यावर एक तोडगा काढला. दीर्घकाळ न आलेल्या मालकाचे रिकामे घर इतर खेळाडूंनी ‘बांधून ठेवण्याची’ सोय करण्यात आली. अशा वेळी घर जमिनीवरून उचलले जाई, परंतु ते व त्यातील सामान मूळ मालकाच्याच नावे सुरक्षित राही. तो परतला तर नवी जागा शोधून आपले घर पुन्हा मांडू शके.

‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि ‘गॅलक्सीज’ यांच्या नियमांतील फरक लहान दिसला तरी मूलभूत आहे. जमीन सर्वांची आणि सामान मालकाचे, हा भेद दुसऱ्या नियमाने ओळखला.

जपानमध्ये निर्माण झालेल्या ‘फायनल फँटसी चौदा’ या खेळातील व्यवस्था याच भेदावर उभी आहे. २०१० मध्ये निघालेला हा खेळ २०१३ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाला. त्यातील निवासी वस्त्यांमध्ये भूखंडांची संख्या ठरलेली असते. एका वस्तीत ६० भूखंड असतात. मागणी इतकी मोठी की, एप्रिल २०२२ पासून मोकळ्या भूखंडांचे वाटप सोडतीने होऊ लागले. अशा ठिकाणी न वापरलेले घर म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी हुकलेली संधी होय. म्हणून मालकाने ४५ दिवस घरात पाऊल ठेवले नाही, तर घर आपोआप पाडले जाते. घर संघाचे असेल तर संघातील कोणत्याही एका सदस्याने प्रवेश केला तरी मुदत नव्याने सुरू होते. घर पाडल्यानंतरही ३५ दिवसांपर्यंत आतील सामान परत मागण्याची मुभा असते. जागा जाते, पण सामान लगेच जात नाही.

याउलट उदाहरण आइसलँडमध्ये तयार झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’चे देता येईल. २००३ पासून चाललेल्या या खेळात खेळाडूंचे संघ अंतराळात तळ उभारतात आणि असंख्य खेळाडू त्यांत आपली जहाजे व माल ठेवतात. एखादा तळ उद्ध्वस्त झाला तरी आतील माल बहुतांश प्रदेशांत सुरक्षित हलविला जाण्याची सोय होती. मे २०२० मध्ये नवा नियम आला. ज्या तळावर ७ दिवस इंधन नाही तो ‘परित्यक्त’ समजला जाईल. त्याला ते संरक्षण मिळणार नाही, आणि तो फोडणाऱ्याला आतील मालाचा वाटा लुटता येईल. सोडून दिलेल्या तळांनी भरलेले अंतराळ साफ व्हावे, हा हेतू रास्त होता आणि तो साधलाही. पण तळाचा मालक एक आणि मालाचा मालक दुसरा, अशी तेथील स्थिती होती. इंधन भरण्याची जबाबदारी पहिल्याची. हानी मात्र दुसऱ्यालाही सोसावी लागली. लढाई आणि लूट हाच ज्या खेळाचा आत्मा आहे, तेथे हे शोभूनही दिसेल. परंतु अनुपस्थितीच्या नियमाचा भार नेमका कोणावर पडतो, हे पाहिल्यावाचून नियम करू नये, हा धडा त्यातून घेता येतो.

संघातील जागा

खेळाच्या निर्मात्यांनी केलेले नियम यंत्र अमलात आणते. संघांचे नियम मात्र खेळाडूंनीच करावयाचे व पाळावयाचे असतात, म्हणून ते अधिक नाजूक असतात. २००४ मध्ये निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या आरंभीच्या काळात मोठ्या मोहिमांसाठी ४० खेळाडू एकत्र यावे लागत. काहींनी शत्रूचे घाव अंगावर घ्यावयाचे, काहींनी प्रहार करावयाचे आणि काहींनी जखमा भरून काढावयाच्या. ऐन वेळी उपचार करणारे दोघे-तिघे आले नाहीत, तर उरलेल्यांची संध्याकाळ वाया जाई. तेथे गैरहजेरी ही खाजगी बाब राहत नाही.

यातून संघांमध्ये काही प्रथा रूढ झाल्या. ठरावीक काळ न येणाऱ्या सदस्याला एकदम काढून न टाकता ‘निष्क्रिय’ नावाच्या खालच्या श्रेणीत ठेवतात. त्याचे नाव यादीत राहते, मात्र सामायिक तिजोरीतून वस्तू काढण्याचा अधिकार थांबतो. यात अविश्वास नसून सावधगिरी असते, कारण बेवारस खाते चोरट्याच्या हाती लागले तर सर्व संघाची शिल्लक लुटली जाऊ शकते. जाण्यापूर्वी रजेची सूचना देणाऱ्याला मुदतीत सवलत मिळते. किती दिवस येणार नाही एवढे सांगितले तरी पुरते, कारण सांगण्याची सक्ती नसते. संघाचा प्रमुखच नाहीसा झाला तर पूर्वी सारा संघ अडून पडे. पुढे दीर्घकाळ न आलेल्या प्रमुखाचे पद अन्य सदस्याला मागता यावे, अशी सोय खेळातच करण्यात आली.

लुटीच्या वाटपातही हा प्रश्न येतो. १९९९ मध्ये निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात ‘आफ्टरलाइफ’ नावाच्या संघाने त्याच वर्षी गुणांची एक पद्धत काढली. प्रत्येक मोहिमेतील सहभागाबद्दल खेळाडूला गुण मिळत आणि त्या गुणांच्या बदल्यात त्याला मिळालेल्या वस्तूंपैकी एखादी घेता येई. ही पद्धत इतर खेळांतही पसरली आणि तिच्यातील एक दोष दिसून आला. पूर्वी भरपूर गुण जमविलेला एखादा खेळाडू सहा महिने नाहीसा होई, आणि नव्या प्रदेशातील कष्टाची कामे इतरांनी उरकल्यावर परत येऊन उत्तम वस्तू गुणांच्या बळावर उचलून नेई. त्याचे गुण खरे होते, पण ते जुन्या श्रमांचे होते. यावर अनेक संघांनी घसाऱ्याचा उपाय योजला. दर आठवड्याला वा महिन्याला सर्वांच्याच शिल्लक गुणांतून काही टक्के वजा होतात. नियमित येणारा ही तूट सहभागाने भरून काढतो. न येणाऱ्याची शिल्लक हळूहळू आटते. येथे कोणावर ठपका येत नाही आणि कोणाला काढूनही टाकावे लागत नाही. परतलेला माणूस सदस्य असतोच, फक्त रांगेत त्याचे स्थान थोडे मागे सरकलेले असते.

पाळी खोळंबते तेव्हा

ज्या भूमिका-खेळांत कथा शब्दांत लिहून पुढे न्यावयाची असते, तेथे अनुपस्थितीचा त्रास आणखी जवळून जाणवतो. चार जण मिळून एक प्रसंग रंगवीत असतील आणि तिसरा गप्प झाला, तर चौथ्याची पाळीच येत नाही. येथे सहसा दुहेरी मुदत ठेवतात. थोड्या दिवसांची पहिली मुदत संपली की त्या खेळाडूची पाळी ओलांडून कथा पुढे नेली जाते. दुसरी, दीर्घ मुदत संपल्यावर त्याचे पात्र खेळाचा सूत्रधार आपल्या हाती घेतो आणि एखाद्या प्रवासाच्या वा आजारपणाच्या निमित्ताने त्याला रंगमंचाआड नेतो. त्या पात्राला ठार मारू नये, असा संकेत चांगल्या मंडळांतून पाळला जातो. पात्र ज्याने निर्माण केले, त्याच्या संमतीवाचून त्याचा शेवट करणे हे खेळ पुढे नेण्यासाठी आवश्यक नसते.

घड्याळ केव्हा थांबवावे

मुदत कितीही विचारपूर्वक ठरविली तरी ती केवळ दिवस मोजते. माणूस का आला नाही हे तिला कळत नाही. म्हणून घड्याळ थांबविण्याची तरतूद नियमातच असावी लागते. २०२० मध्ये कोविडची साथ पसरली तेव्हा ‘फायनल फँटसी चौदा’च्या चालकांनी घरे पाडण्याचे काम तात्पुरते स्थगित केले. लोक रुग्णालयात असताना किंवा त्यांचे रोजचे जीवन विस्कटलेले असताना ४५ दिवसांचा नियम बजावणे त्यांना उचित वाटले नाही. नंतरही संकटांच्या प्रसंगी अशी स्थगिती देण्यात आली.

हा विचार भारतीय वाचकाला अपरिचित नाही. आपल्या राज्यघटनेच्या १०१ व्या अनुच्छेदानुसार संसदेचा एखादा सदस्य सभागृहाच्या अनुज्ञेवाचून ६० दिवस सर्व बैठकींना अनुपस्थित राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त झाल्याचे घोषित करू शकते. या छोट्या तरतुदीत चार गोष्टी सामावल्या आहेत. मुदत निश्चित आहे. अनुज्ञा मागण्याची वाट मोकळी आहे. सत्रसमाप्ती झालेली असताना, किंवा सभागृह लागोपाठ चारांहून अधिक दिवस तहकूब असताना, तो काळ हिशेबात धरला जात नाही. आणि जागा आपोआप रिक्त होत नाही. सभागृहाने तसे ठरवावे लागते.

जागा ही मतदारांच्या वतीने धारण केलेली असते, म्हणून ती परत घेता येते. स्वतःच्या पैशाची गोष्ट निराळी. बँकेतील खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही तर ते ‘निष्क्रिय’ ठरते. दहा वर्षे कोणी मागणी केली नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. तरीही ठेवीदार किंवा त्याचे वारस पुढे आले, तर आपल्या बँकेमार्फत ती परत मागू शकतात. एका तरतुदीत जागा जाते. दुसरीत मालकी टिकते. खेळांच्या जगाने अनुभवातून शोधलेला भेद तो हाच. भूखंड, पद, पाळी आणि तिजोरीची किल्ली या गोष्टी खेळाडू इतरांच्या वतीने वापरीत असतो. पूर्वसूचना देऊन त्या परत घ्याव्यात. पात्र, त्याने मिळविलेले कौशल्य आणि जमविलेले सामान हे त्याचे स्वतःचे. ते शक्य तोवर राखून ठेवावे.

नाव या दोहोंच्या सीमेवर येते. एका सर्व्हरवर एक नाव एकालाच मिळते, म्हणून वर्षानुवर्षे न वापरलेली नावे काही खेळ मोकळी करतात. पण तेव्हाही पात्र पुसले जात नाही; परतलेल्या खेळाडूला दुसरे नाव निवडण्यास सांगितले जाते.

यादीतील एक नाव

नॉर्वेमधील मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायू क्षीण करणारा डुशेन हा असाध्य आजार होता. तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘इबेलिन’ या नावाने वावरे आणि ‘स्टारलाइट’ नावाच्या संघाचा सदस्य होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो मरण पावला. चाकांच्या खुर्चीला आणि पडद्याला खिळलेला आपला मुलगा एकाकी आयुष्य जगला, असे त्याच्या आईवडिलांना वाटत होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी दिली, आणि ज्यांची नावेही त्यांनी कधी ऐकली नव्हती अशा माणसांची पत्रे येऊ लागली. संघातील काही जण अंत्यविधीला नॉर्वेत आले. त्याची मित्रमंडळी खेळातही त्याचे स्मरण करीत राहिली. २०२४ मध्ये बेंजामिन रे या दिग्दर्शकाने त्याच्या जीवनावर माहितीपट केला.

सदस्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे त्याने शेवटचा प्रवेश केव्हा केला त्याची नोंद असते. कंटाळून दुसऱ्या खेळाकडे गेलेला, परीक्षेला बसलेला, नोकरीच्या शोधात गाव सोडलेला आणि मरण पावलेला, या सर्वांच्या नावापुढे ती नोंद सारखीच दिसते. यादी साफ करण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्याला या नोंदीपलीकडचे काही दिसत नाही. म्हणूनच अनुभवी संघांत सदस्याचे नाव कमी करण्यापूर्वी त्याला एक निरोप धाडण्याची आणि थोडे दिवस उत्तराची वाट पाहण्याची रीत आहे. उत्तर आले नाही, तरी जागा मोकळी करावी लागतेच. खेळायला आलेल्यांचाही काही हक्क असतो. पण निरोप धाडला असेल तर तो माणूस परतल्यावर त्याला दिसते की, आपली जागा दुसऱ्याला दिली गेली तरी आधी आपली विचारपूस झाली होती.